सांसर्गिक रोग, मौन आणि शेजाऱ्याचें ऋण



"पाळकसाहेब, गाय माझी, गोठा माझा, आणि नुकसान झालें तर तेंहि माझेंच. मग तिच्या अंगावर गांठी आल्या आहेत हें मीं गांवाला कां सांगावें? न सांगितलें तर तें पाप होतें काय?"

हा प्रश्न २०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यांत, भिंगारजवळच्या एका वस्तीवर, आमच्या मंडळींतील एका बंधूनें आम्हांस विचारला. त्या वेळीं आम्हीं त्याला जें उत्तर दिलें तें चुकीचें होतें. तें चुकीचें कां होतें, आणि खरें उत्तर काय असावयास पाहिजे होतें, ह्याचा विचार आज वाचकांबरोबर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न एका गाईचा दिसतो. परंतु मनुष्य आपल्या शेजाऱ्याचा किती देणेकरी आहे, हा फार जुना प्रश्नच त्यांत दडलेला आहे.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ह्या रोगास लम्पी चर्मरोग म्हणतात. तो विषाणूपासून होतो. म्हणजे डोळ्यांस न दिसणारा, आणि जिवंत शरीरांत शिरल्यावांचून न वाढणारा असा जो अतिसूक्ष्म रोगकण, त्यापासून होतो. मेंढ्यांना व शेळ्यांना ज्या देवी येतात त्यांच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद आहे. आफ्रिका खंडांत, आज ज्यास झांबिया म्हणतात त्या देशांत, १९२९ सालीं हा रोग पहिल्यानें ओळखला गेला. आपल्या देशांत तो २०१९ सालीं ओरिसा प्रांतांत दिसला. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत तो आला, आणि थोड्याच आठवड्यांत आपल्या नगर जिल्ह्यांतील गोठ्यांतहि शिरला. सप्टेंबरांत सरकारनें सर्व महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केला. जनावरांची ने-आण थांबली. घोडेगांव, लोणी, काष्टी, वाळकी येथील जनावरांचे बाजार ओस पडले.

रोगाचीं लक्षणें आतां बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक झालीं आहेत. जनावरास ताप भरतो, डोळ्यांतून व नाकांतून पाणी येतें, अंगावर गांठी उठतात, पाय सुजतात, दूध आटतें, गाभण गाय कधीं कधीं गाभ टाकते. चावणाऱ्या माशा, डांस व गोचीड ह्यांच्याकडून हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. आणि आजारी जनावर बाजारास नेलें तर एका दिवसांत तो दोन तालुके ओलांडतो. मनुष्यास हा रोग होत नाहीं. दूध उकळून प्यावयास कांहीं भय नाहीं. शंभर आजारी जनावरांपैकीं थोडींच मरतात. परंतु वासरांना व अशक्त जनावरांना तो फार भोंवतो. २०२३ सालीं तो पुन्हां आला तेव्हांहि हाच अनुभव पुष्कळ घरांस आला.

आतां आमच्या चुकीकडे येऊं. प्रश्न विचारणाऱ्या बंधूची जमीन एक एकराहूनहि कमी. गोठ्यांत तीन संकरित गाई. त्यांतील दोन पतपेढीचें कर्ज काढून घेतलेल्या. दर दहा दिवसांनीं दुधाचा पगार येई, आणि त्यांतून कर्जाचा हप्ता, पेंड व मुलीच्या शाळेचा खर्च भागे. एका शुक्रवारीं संध्याकाळीं धार काढावयास बसतांना त्याच्या पत्नीच्या हातास गाईच्या मानेवर दोन गांठी लागल्या. शनिवारीं सकाळीं तो आमच्याकडे आला. रविवारीं मंडळीची उपकारस्तुतीची सभा होती. सहा वस्त्यांवरील लोक येणार होते, मंडप पडला होता, तांदूळ निवडून ठेविले होते. रोगाची बातमी फुटली तर लोक आपले गोठे सोडून यावयाचे नाहींत, हा विचार आमच्या मनांत आला, आणि आम्हीं त्यास म्हटलें, "रविवार जाऊं द्या. सोमवारीं पाहूं." सोमवारीं दिवसभर पावसाची झड होती. मंगळवारीं दुपारीं जनावरांचे डॉक्टर वस्तीवर आले.

त्या बंधूच्या बांधास बांध लागून एका वृद्ध विधवा बाईचें घर आहे. ती आपल्या मंडळींतील नाहीं. तिची एकच गाय होती, जुनी व अंगानें खालावलेली. दोन्ही घरचीं जनावरें एकाच हौदावर पाणी पीत. तिच्या गाईसहि त्याच आठवड्यांत ताप भरला होता व पाय सुजून ती लंगडत होती. बाईस वाटलें, हा तिवा आहे. तीन दिवसांनीं उतरेल. शेजारच्या गोठ्यांत काय निघालें आहे हें तिला कोणीं सांगितलें असतें तर तिनें शनिवारींच डॉक्टरास बोलाविलें असतें. सोमवारीं रात्रीं तिची गाय मेली. मंगळवारीं सकाळीं चार माणसांनीं तिला ओढ्याकांठीं खोल खड्ड्यांत पुरलें. दुपारीं डॉक्टर आले तेव्हां पंचनाम्यास कांहीं उरलें नव्हतें. ह्या रोगानें मेलेल्या दुभत्या गाईमागें त्या वर्षीं सरकार तीस हजार रुपये देत होतें. बैलामागें पंचवीस हजार, वासरामागें सोळा हजार. त्या बाईस त्यांतला एक रुपयाहि मिळाला नाहीं.

पुढें आम्ही तिला भेटावयास गेलों. तिनें आम्हांस बसावयास गोणपाट दिलें, आणि एवढेंच विचारलें, "तुम्हांला शनिवारींच कळलं होतं का, साहेब?" पुष्कळ वर्षें व्यासपीठावरून बोलण्याची सवय असलेल्या आमच्या तोंडून त्या वेळीं शब्द निघाला नाहीं.

तेव्हां त्या बंधूचा प्रश्न पुन्हां घेऊं. न सांगण्याच्या बाजूनें जीं कारणें लोक देतात, आणि जीं त्या शनिवारीं आम्हींहि मनांतल्या मनांत दिलीं, तीं एकेक तपासून पाहूं.

पहिलें कारण असें कीं, जनावर माझें आहे, तेव्हां त्याची गोष्टहि माझीच. मोशेच्या नियमशास्त्रांत ह्याविषयीं एक फार विचार करण्याजोगी व्यवस्था आहे. बैलानें कोणास हुंदाडलें तर बैलाचा दोष वेगळा व मालकाचा वेगळा धरला आहे. बैल मारका आहे हें मालकास ठाऊक नसेल तर मालक दोषी नाहीं. परंतु त्याला आधीं सूचना मिळाली असून त्यानें बैल बांधून ठेविला नाहीं, तर मात्र रक्ताचा दोष मालकावर येतो. म्हणजे दोष केवळ मालकीपासून उत्पन्न होत नाहीं; तो जाणण्यापासून उत्पन्न होतो. ज्या घटकेस आपल्याला कळलें त्या घटकेपासून आपण देणेकरी झालों. गाय शुक्रवारीं रात्रीं त्या बंधूची होती. परंतु त्या दोन गांठींची बातमी त्या रात्रींपासून त्याची एकट्याची राहिली नव्हती. ती शेजाऱ्यांची ठेव त्याच्या हातीं आली होती. आणि शनिवारीं सकाळीं ती आमच्याहि हातीं आली.

ही गोष्ट आपल्या गोठ्यांपेक्षांहि अधिक स्पष्ट दिसावी म्हणून दूर देशांतील एक उदाहरण घेऊं. उत्तर युरोपांत नॉर्वे म्हणून एक देश आहे. तेथें सॅल्मन नांवाचा मोठा मासा, आपण कोंबड्या पाळतों तसा, हजारोंच्या संख्येनें पाळतात. समुद्राच्या खाड्यांत जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे सोडतात व त्यांत मासे वाढवितात. पिंजरा ज्याचा त्याचा असतो; परंतु पाणी कोणाचेंच नसतें. एका पिंजऱ्यांतून निघालेलें पाणी घटकाभरानें दुसऱ्याच्या पिंजऱ्यांतून वाहतें. १९८४ सालीं तेथें ह्या माशांत विषाणूचा एक रोग दिसून आला. त्यास सॅल्मनचा सांसर्गिक पांडुरोग म्हणतां येईल; माशाचें रक्त पातळ होतें, कल्ले फिके पडतात, आणि मासे झुंडीनें मरतात. कांहीं वर्षांत तो किनाऱ्यानें पसरत गेला. त्या वेळीं त्यावर लस नव्हती. तरी नॉर्वेच्या लोकांनीं तो पुष्कळ आटोक्यांत आणिला. त्यांनीं केलें तें एवढेंच: रोग दिसतांच कळवावयाचें, जिवंत माशांची ने-आण बंद ठेवावयाची, लहान व मोठे मासे एके ठिकाणीं मिसळावयाचे नाहींत, मासे कापण्याच्या ठिकाणचें घाण पाणी शुद्ध केल्यावांचून समुद्रांत सोडावयाचें नाहीं. १९९८ सालीं हा रोग स्कॉटलंडांत शिरला. तेथें जिवंत मासे वाहणाऱ्या होड्यांबरोबर तो एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर गेला असें शोधाअंतीं दिसून आलें. बाजाराहून परतणारा टेंपो आपल्याकडे जें काम करतो, तेंच तेथें त्या होड्यांनीं केलें.

ह्याच्या उलट दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची गोष्ट आहे. तेथें सॅल्मनचा धंदा फार झपाट्यानें वाढला होता. पिंजरे एकमेकांस खेटून होते, एकेका पिंजऱ्यांत मासे दाटीनें भरलेले होते, आणि नियम सैल होते. २००७ सालीं तेथें हाच रोग शिरला, आणि २०१० पर्यंत त्या जातीच्या माशांचें उत्पन्न सुमारें एक तृतीयांशावर आलें. ज्यांनीं पिंजरे दाट लावले त्यांचें नुकसान झालें हें खरें. परंतु त्यांच्याबरोबर हजारों मजुरांची रोजी बुडाली, ज्यांचा त्या निर्णयांत कांहींएक हात नव्हता.

वाचकहो, आम्हांस वाटतें कीं आपले गोठेहि समुद्रांतल्या त्या पिंजऱ्यांसारखेच आहेत. आपण मध्यें बांध घालतों, कुंपण घालतों, सात-बाराचा उतारा काढतों. परंतु माशी सात-बारा वाचीत नाहीं. हवा, हौद, ओढा व बाजार हें आपलें सर्वांचें एकच पाणी आहे. आपला शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्यानें प्रभूस विचारला होता, आणि प्रभूनें त्यास वाटेवर पडलेल्या मनुष्याची व शोमरोनी वाटसराची गोष्ट सांगितली. सांसर्गिक रोगहि आपल्या परीनें तोच प्रश्न आपल्यापुढें मांडतो. तो जातीची वेस ओळखीत नाहीं व मंडळीचें पटपुस्तकहि पाहत नाहीं. जिथवर माझ्या गोठ्यांतली माशी उडते तिथवर माझा शेजारी आहे.

दुसरें कारण असें देतात कीं, माझ्या चार दिवसांच्या मौनानेंच हें झालें हें कशावरून? हें कारण आम्हांस फार गोड वाटलें होतें, म्हणून तें नीट तपासणें जरूर आहे. विषाणु अंगांत शिरल्यापासून गांठी दिसेपर्यंत कधीं आठवडा जातो, कधीं चार आठवडेहि जातात. त्या बाईच्या गाईस रोग आमच्या शनिवारच्या आधींच लागला होता, हें उघड आहे. तेव्हां आमच्या मौनानें तिची गाय आजारी पडली असें म्हणतां येत नाहीं. पण म्हणून आम्ही सुटलों काय? विषाणूवर नेमकें औषध नाहीं हें खरें. तरी ताप उतरविण्याचीं, जखमा भरण्याचीं व जनावराची शक्ति राखण्याचीं औषधें आहेत. शनिवारीं डॉक्टर आले असते तर गाय वांचती किंवा न वांचती. न वांचती तरी पंचनामा होता, आणि म्हाताऱ्या बाईच्या हातीं दुसऱ्या गाईपुरता पैसा येता. सांसर्गिक रोगांत आपल्या मौनाचा परिणाम कोठें होईल हें आपणांस कधींच आधीं दिसत नाहीं. ज्या बाजूनें आपण भीत असतों त्या बाजूनें तो होत नाहीं, आणि ज्याचा विचारहि मनांत आला नाहीं अशा बाजूनें होतो. छपरास कठडा बांधा अशी आज्ञा नियमशास्त्रांत आहे. कोण पडेल, केव्हां पडेल, हें बांधणारास ठाऊक नसतें. आणि कोणी पडला नाहीं तर कठड्यानें कोणास वांचविलें हेंहि कळत नाहीं. तरी तो बांधावयाचा असतो. वेळेवर सत्य सांगणें हा तसला कठडा आहे.

तिसरें कारण धर्माचें सोंग घेऊन येतें. "ही देवाची इच्छा आहे, ही पापाची शिक्षा आहे, मनुष्यानें काय करावें?" त्या पावसाळ्यांत कित्येक वस्त्यांवर अशीं बोलणीं आम्हीं ऐकलीं, आणि सांगण्यास खेद वाटतो कीं आपल्या कांहीं उपदेशकांच्या तोंडूनहि ऐकलीं. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. तेव्हां प्रभूनें तो हिशेबच नाकारला. शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असेंहि त्यानें स्पष्ट सांगितलें. शिवाय रोगास शिक्षा म्हटलें कीं रोग लपविणें ओघानेंच येतें. कारण आपणांस शिक्षा झाली हें कोण आपल्या तोंडानें सांगेल? जो उपदेशक रोग्याच्या दारीं पाप शोधीत जातो तो त्या दारास आंतून कडी घालावयास शिकवितो.

आपल्या आजोबांच्या काळीं बुळकांडीनें गांवेंच्या गांवें बैलांवांचून ओस पडत. तीहि विषाणूचीच व्याधि होती, आणि तीहि देवीचा कोप म्हणून सोसली जाई. पुढें लस निघाली. पशुवैद्य गांवोगांव, गोठ्यागोठ्यांत शोध करीत हिंडले. जेथें संशय आला तेथें लोकांनीं तो बोलून दाखविला. २००६ सालीं आपला देश बुळकांडीपासून मुक्त झाल्याचें मान्य झालें, आणि २०११ सालीं सर्व पृथ्वीवरूनच ती नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. जनावरांच्या रोगांत हा पहिलाच असा विजय होय. देवाची इच्छा काय होती, हें आम्हांस ह्या शेवटावरून अधिक कळतें.

चौथें कारण राहिलें, आणि तें मात्र हलक्या हातानें बाजूस सारतां येत नाहीं. तें असें कीं, गरिबास सत्य परवडत नाहीं. त्या बंधूनें आम्हांस हें शब्दांत सांगितलें नव्हतें, पण त्याच्या चेहऱ्यावर तें लिहिलेलें होतें. गांठींची बातमी फुटली कीं लोक त्याचें दूध घ्यावयाचे थांबतील. उकळलेल्या दुधास भय नाहीं हें कितीहि सांगा, ऐकणार कोण? गाय विकतां येणार नाहीं. हप्ता थांबणार नाहीं. हौदावर त्याच्या जनावरांस कोणी येऊं देणार नाहीं, आणि त्याच्या घरीं यावयासहि लोक कचरतील. गाय मेली तर सरकारची मदत होती; पण गाय जगली व दूध आटलें, तर त्या आटलेल्या दुधाचे पैसे कोणी देत नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रानें हा धडा पूर्वींहि घेतला आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगची सांथ असतांना गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधीत व त्यांस उचलून नेत. रोग ओळखणें व रोगी वेगळा ठेवणें हा हेतु चुकीचा नव्हता. परंतु तो ज्या रीतीनें पार पाडला तीत इतका अपमान व इतकी भीति होती कीं लोक आपले आजारी लपवूं लागले. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्या मरूं लागल्या. तो नेहमींचा रानीखेत रोग असावा असें आरंभीं समजलें गेलें. तपासणींत तो बर्ड फ्लू ठरला. आपल्या देशांत पाळीव कोंबड्यांत तो रोग निघण्याची ती पहिलीच वेळ. मग तेथील लाखों कोंबड्या, रोगी व निरोगी, मारून पुरल्या. मारलेल्या पक्ष्यांची ठराविक भरपाई सरकारनें दिली. परंतु लोकांनीं कोंबडी व अंडीं खाणेंच सोडलें, त्यामुळें ज्या दूरदूरच्या पाळणारांच्या घरीं रोग नव्हता त्यांचेंहि कंबरडें मोडलें. रोग उघड करण्याचा खर्च सर्वांच्या भल्यासाठीं होतो, परंतु तो पडतो थोड्यांवर. मग ते थोडे लोक गप्प बसले तर आपण आश्चर्य कां करावें?

येथें आम्हांस आपलें म्हणणें स्पष्टपणें मांडावयाचें आहे. रोग न कळविणें हें पाप आहे, असें आम्ही निःसंशय म्हणतों. कायदाहि तेंच सांगतो. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ सालच्या कायद्यानें रोगाचा संशय येतांच ग्रामपंचायतीस किंवा गांवच्या अधिकाऱ्यास कळविणें व आजारी जनावर वेगळें बांधणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु हें पाप त्या एकट्या मनुष्याचें नव्हे. ज्या गांवांत खरें सांगणारास दंड बसतो व लपविणारा निभावून जातो, त्या गांवाचा त्या पापांत वांटा आहे. ज्या मंडळींत खरें सांगणाराचें नुकसान वांटून घेण्यास कोणी पुढें येत नाहीं, त्या मंडळीस त्याच्याकडून सत्य मागण्याचा अधिकार थोडाच आहे. सत्य मागणारानें सत्याची किंमत वांटून घेतली पाहिजे. एकमेकांचीं ओझीं वाहण्याची जी आज्ञा आपल्याला आहे ती केवळ अश्रूंच्या ओझ्यापुरती नाहीं. ती कर्जाच्या हप्त्याच्या व पेंडीच्या पोत्याच्या ओझ्यासहि लागू आहे.

आणि पाळकाचा वांटा तर सर्वांत मोठा. त्या बंधूनें आम्हांस विचारलें होतें. म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धि जागी होती. तिला निजविण्याचें काम आम्हीं केलें, आणि तेंहि देवाच्या उपकारस्तुतीच्या नांवानें. वेदीपाशीं अर्पण आणतांना भावाचें आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जा, अशी प्रभूची शिकवण आहे. आम्हीं नेमकें उलट केलें. शेजारणीस वाट पाहावयास लाविलें, आणि स्तोत्रें गाइलीं.

ह्या सर्व बोलण्यांत मुक्या जनावरास विसरूं नये. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, असें शहाण्या राजाच्या नांवानें आलेलें वचन सांगतें. त्या सांथींत रोगी जनावरें लोकांनीं रस्त्यावर सोडून दिलेलीं आम्हीं पाहिलीं. माशा बसलेल्या जखमा घेऊन तीं दारोदार हिंडत होतीं. ज्या गाईनें आपल्या लेंकरांस दूध दिलें तिला असें हांकलणें ही कृतघ्नता तर खरीच. शिवाय रोग गांवभर वाहून नेण्यास त्याहून सोपा मार्ग नाहीं. दया व सावधगिरी ह्या दोघी येथें एकाच वाटेनें चालतात. आजारी जनावर वेगळें बांधणें, जखमा धुणें, चारापाणी हातानें देणें, माशा व गोचीड हटविणें, ह्यांत त्या जनावरावर दया आहे आणि शेजाऱ्यावरहि.

उपदेशक बंधूंनीं आपल्या वस्त्यांवर पुढील गोष्टी समजावून सांगाव्या, अशी आमची विनंति आहे. संशय येतांच, त्याच दिवशीं, ग्रामपंचायतीस व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. वार, सण किंवा सभा पाहूं नये. आजारी जनावर वेगळें बांधावें व त्याचें पाणी वेगळें ठेवावें. गोठा कोरडा ठेवावा, शेणामुताचें डबकें साचूं देऊं नये. निरोगी जनावरांस वेळेवर लस टोंचून घ्यावी. २०१९ च्या गणनेप्रमाणें महाराष्ट्रांत गाई-बैल सुमारें १ कोटी ३९ लक्ष होते, आणि २०२२ च्या सांथींत सरकारनें गोठ्यागोठ्यांत जाऊन शेळ्यांच्या देवीची लस त्यांस फुकट टोंचविली. त्यामुळेंच पुष्कळ घरें वांचलीं. जनावर मेलें तर पंचनाम्यापूर्वीं पुरूं नये, आणि पुरतांना खड्डा खोल घेऊन चुना टाकावा. आणि सर्वांत महत्त्वाचें: ज्याच्या गोठ्यांत रोग निघाला त्याच्या दारीं त्याच संध्याकाळीं मंडळींतील दोघांनीं जावें, व जातांना रिकाम्या हातानें जाऊं नये.

आमच्या मंडळीनें त्या वर्षापासून एक लहान पेटी ठेविली आहे. तींत फार पैसे जमत नाहींत. परंतु गोठ्यांत रोग निघाला व त्यानें तो स्वतः कळविला, तर त्या घरास एका महिन्याच्या पेंडीचे पैसे त्या पेटींतून द्यावयाचे, असा ठराव झाला आहे. आणि तें घर मंडळींतील असो वा नसो, हा प्रश्न विचारावयाचा नाहीं असेंहि ठरलें आहे. पहिलें पैसे आम्ही त्या विधवा बाईकडे घेऊन गेलों. तिनें ते घेतले नाहींत. दुसऱ्यांदा गेलों तेव्हां घेतले.

त्या बंधूची गाय दोन महिन्यांनीं बरी झाली. गांठींचे वण तिच्या मानेवर अद्याप आहेत, आणि दूध पूर्वीइतकें पुन्हां कधीं आलें नाहीं. सकाळची धार काढून झाली कीं त्याची मुलगी बांधावरून एक तांब्या दूध शेजारच्या घरीं नेऊन देते. हें त्याला आम्हीं सांगितलें नव्हतें. "तुम्हांला शनिवारींच कळलं होतं का?" ह्या प्रश्नास आमच्यापाशीं अजून होय ह्यावांचून दुसरें उत्तर नाहीं, परंतु पुढच्या वेळीं कोणी तो विचारील, तर "होय, आणि शनिवारींच आम्ही तुमच्याकडे आलों," असें म्हणण्याची कृपा देव आम्हां सर्वांस देवो.